हरण्याची सोय

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटीकडून वाचली की खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आपलं नाव बघून परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून त्यांनी ते झाकलं होतं. विज्ञान, विज्ञानकथा आणि अंधश्रद्धा यांच्या सीमेवर जेवढे घोळ होतात, त्यातले बरेचसे या एका माणसाच्या कामातून उलगडता येतात.

पहिला गैरसमज: ऐकायला अचाट वाटतं ते काल्पनिक, आणि ओळखीचं वाटतं ते खरं. वस्तुस्थिती अनेकदा उलटी असते. गुरुत्वाकर्षण जिथे जास्त, तिथे घड्याळ हळू चालतं, हे वाक्य कादंबरीतलं वाटतं. पण मोबाइलमधला नकाशा त्याच आधारावर चालतो. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक धरला नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त चूक साचेल. याउलट ‘अमावास्येला गाडी घेऊ नये’ हे इतकं कानावरून गेलेलं असतं की त्याचा पुरावा मागायचं सुचतही नाही.

विज्ञानकथा ही भविष्यवाणी असते, हा दुसरा गैरसमज. ‘आर्थर सी. क्लार्कनं उपग्रह कथेत आधीच लिहून ठेवले होते’ हे वाक्य भाषणांत हमखास येतं. क्लार्कनं १९४५ साली दळणवळणाच्या भूस्थिर उपग्रहांची कल्पना मांडली हे खरं, पण ती ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकातल्या तांत्रिक लेखात. ज्यूल व्हर्ननं १८६५च्या कादंबरीत माणसं तोफेतून चंद्राकडे उडवली. प्रत्यक्षात त्या धक्क्यानं आतली माणसं जागीच गेली असती. कादंबरी तरीही छान आहे. बरोबर ठरणं हे तिचं काम नव्हतंच.

तिसरा गैरसमज जास्त चिवट आहे. ‘विज्ञान रोज बदलतं, मग त्याच्यावर का विश्वास ठेवायचा?’

नारळीकर केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी. हॉईल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत १९४८ सालचा: विश्व प्रसरण पावतं, पण नवं द्रव्य निर्माण होत राहतं, म्हणून ते सर्व काळी सारखंच दिसतं. यातून पडताळता येईल असं भाकीत निघत होतं. दूरच्या, म्हणजेच जुन्या काळातल्या आकाशात वेगळं चित्र दिसलं, की सिद्धांत अडचणीत. तसंच झालं. रेडिओस्रोतांची मोजणी प्रतिकूल गेली आणि १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. महास्फोट या प्रतिस्पर्धी सिद्धांताच्या बाजूनं पारडं झुकलं. नारळीकरांनी पुढे हॉईल आणि बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धांत मांडला, तोही बहुतेकांनी स्वीकारला नाही. मला यात काही लाजिरवाणं दिसत नाही. चुकीचा ठरलेला सिद्धांतही विज्ञानच होता, कारण तो कशानं हरेल हे तपासायची वाट खुली होती.

आता ज्योतिष. ‘शास्त्रज्ञ न तपासताच नाकं मुरडतात’ ही तक्रार नेहमीची. नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात ती तपासणी केली. २०० मुलांच्या कुंडल्या: १०० हुशार, १०० बौद्धिक अपंगत्व असलेली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या द्यायच्या, मूल कुठल्या गटातलं ते त्यानं ओळखायचं. मुलांची ओळख अर्थातच झाकलेली. विज्ञानकथेच्या स्पर्धेत नाव झाकण्यामागचा विचार इथेही होताच.

२७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर; नाणं उडवून ५० टक्के आली असती. सर्वांत जास्त गुण ४० पैकी २४. ऐकायला बरे वाटतात, पण २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यातल्या दोन-चार जणांनी सहज तेवढी मजल मारली असती. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली. या तपासणीवरचा निबंध २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

एवढ्यानं प्रत्येक ज्योतिषी लबाड ठरत नाही. कित्येकजण मनापासून मानतात. ‘कुंडलीतून बुद्धी कळतच नाही, बाकी कळतं’ असंही कुणी म्हणेल. म्हणू दे. मग बाकी काय कळतं आणि किती उत्तरं चुकली तर हार मानणार, एवढं त्यानं कुंडल्या हातात घेण्याआधी लिहून द्यावं.