पदवी दोघांची, जामीन कुणाचा?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेर मे-जून महिन्यात दहा मिनिटे उभे राहिले, तरी मध्यमवर्गाच्या मनात सध्या काय घोळते आहे ते कळते. पूर्वी तिथे दहावी-बारावीच्या क्लासेसचे फलक असत, त्यांवर चमकलेल्या मुलांचे पासपोर्ट आकाराचे फोटो असत. ते फोटो आजही आहेत. पण त्यांच्या शेजारी आता घड्याळाचा मनोरा, हिरवळ आणि मुंबईला न परवडणारे निळे आकाश अशी चित्रे आली आहेत. ‘परदेशी पदवी, तीही घरच्या घरी’ असा त्यांचा एकूण सूर असतो.

मी कादंबऱ्या लिहितो हे आमच्या सोसायटीत फार थोड्यांना ठाऊक आहे. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे निकालांच्या दिवसांत संध्याकाळी कुणी ना कुणी गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी येते. “काका, हे खरं असतं का हो? अर्धं इथलं, अर्धं तिथलं, आणि सर्टिफिकेटवर दोघांची नावं?” प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आशा असते आणि धास्तीही असते. त्या दोन्हींना धरून उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

परक्या शिक्क्याचे आकर्षण आपल्याला नवे नाही. आपले मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. सुरुवातीच्या काळात ते शिकवत नसे. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी होती. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. साचा विलायती असला, तरी त्या पदवीला मान मिळाला तो परीक्षा कडक होती म्हणून, आणि त्या परीक्षेची जबाबदारी घेणारी संस्था इथेच, लोकांच्या डोळ्यांसमोर होती म्हणून.

प्रत्यक्ष परदेशी जाऊन पदवी आणणाऱ्यांनी तिची किंमत कशी चुकवली, हे पाहायचे तर डॉ. आंबेडकरांचे उदाहरण पुरेसे आहे. १९१३ साली ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून शिल्लक टाकलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज अशी जुळवाजुळव करून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर यात करार आहे, बचत आहे, अनुदान आहे आणि उसनवारीही आहे. परदेशी पदवीची नोंद कुणाच्या तरी खातेवहीत नावे पडतेच. फरक एवढाच की, त्या वेळी समोर कोणते विद्यापीठ आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

ती शंका आली १९९१ नंतर. अर्थव्यवस्था खुली झाली आणि परदेशी नावांच्या पाट्या उपनगरांत लागू लागल्या. व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर चार खोल्या, एक संगणक-कक्ष आणि स्वागतकक्षात दोन देशांचे झेंडे, अशी कॉलेजे मी स्वतः पाहिली आहेत. साधारण २००४ च्या सुमारास मी उपनगरातल्या एका शाखेत बदलून गेलो, तेव्हा थकलेल्या खात्यांत एक शैक्षणिक कर्ज होते. वडील खासगी कंपनीत कारकून. मुलाने अशाच एका संस्थेत तीन वर्षे काढली होती. पुढे एमबीएला प्रवेश घ्यायला गेला, तेव्हा त्याची पदवी इथल्या पदवीशी समकक्ष नाही, असे त्याला सांगण्यात आले. वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून प्रमाणपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “साहेब, हे खोटं आहे का?” ते खोटे नव्हते. परदेशातले ते कॉलेज अस्तित्वात होते, सहीही खरी होती. पण त्या कागदाच्या बाजूने इथे उभे राहायला कुणी तयार नव्हते. शेवटी त्या गृहस्थांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून कर्ज फेडले.

बँकेत जामीनदाराची सही घेताना आम्ही एक गोष्ट पाहत असू. सही करणारा मोठा माणूस आहे की नाही, हे दुय्यम. वेळ आली तर त्याला गाठता येईल का, हे महत्त्वाचे. संयुक्त पदवीचेही तसेच आहे. परदेशी विद्यापीठ नुसते पाटीवर आहे की जामीनदार म्हणून खाली सही करते आहे, हा खरा प्रश्न.

सही करणाऱ्याचे उदाहरण पाहायला फार लांब जायला नको. अंधेरीहून किंवा घाटकोपरहून पवईला यावे. आयआयटीची स्थापनाच मुळी १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने झाली. ३,४०० हून अधिक अर्जदारांतून निवडलेले पहिले १०० विद्यार्थी वरळीच्या तात्पुरत्या जागेत शिकू लागले. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ बाहेरून आले, पण पदवी आणि तिची जबाबदारी आपली राहिली. त्याच आवारात २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन अकादमी सुरू झाली. तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांचे मार्गदर्शक असतात, तो काही काळ मोनाशमध्ये काम करतो आणि पदवी दोन्ही संस्था मिळून देतात. २०१५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठाबरोबर नोकरदारांसाठी संयुक्त एमबीए सुरू झाले. दोन्ही ठिकाणी परदेशी संस्थेचे प्राध्यापक कामाला जुंपलेले होते. नुसते नाव भाड्याने दिलेले नव्हते.

सर्वसाधारण पदवीसाठी अशी सोय व्हावी म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २ मे २०२२ रोजी नियम केले. त्यांत तीन प्रकार आहेत आणि माहितीपत्रके नेमकी तिथेच गोंधळ घालतात. पहिला ट्विनिंगचा: काही भाग परदेशात शिकायचा, तो एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, आणि पदवी फक्त भारतीय संस्थेची. दुसरा संयुक्त पदवीचा: दोन्ही संस्थांचे किमान ३० टक्के श्रेयांक आणि दोघांचे मिळून एकच प्रमाणपत्र. तिसरा दुहेरी पदवीचा: एकाच विषयात दोन संस्थांच्या दोन स्वतंत्र पदव्या, त्यांत भारतीय संस्थेचे किमान ३० टक्के. आयोगाच्या वेगळ्या परवानगीशिवाय असा करार करायचा, तर भारतीय संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण हवेत, किंवा ती एनआयआरएफच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात हवी, किंवा तिला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा हवा, परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक यादीत पहिल्या हजारात हवी. नियमांत बसणाऱ्या पदवीला वेगळा समकक्षता दाखला लागत नाही. फ्रँचाइझीला, म्हणजे शिकवायचे एकाने आणि शिक्का दुसऱ्याचा अशा व्यवस्थेला, मनाई आहे. तरीही ते प्रकार थांबले नाहीत, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाला पालकांना जाहीर इशारा द्यावा लागला.

आता आणखी एक पर्याय आला आहे. २०२३ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठांना इथे स्वतःची आवारे उघडण्याची मुभा दिली आणि १४ जून २०२५ रोजी मुंबईतल्या समारंभात ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. तिथे भागीदार नसेल. पदवी आणि जबाबदारी दोन्ही त्या विद्यापीठाची. हे संयुक्त पदवीपेक्षा वेगळे प्रकरण आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता पैशांचे. समजा, वीस लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता साधारण २६,४०० रुपये येतो आणि दहा वर्षांत सुमारे ३१ लाख ७० हजार रुपये भरावे लागतात. शिक्षण चालू असतानाचे व्याज यात धरलेले नाही. मोठ्या रकमेला बँक बहुधा तारण मागते आणि उपनगरातल्या कुटुंबाकडे तारण म्हणजे राहता ब्लॉक. आयुष्यभर लोकलला लोंबकळून घेतलेला तो ब्लॉक कागदावर ठेवण्यापूर्वी संस्थेला चार प्रश्न लेखी विचारावेत. पदवी तिघांपैकी कोणत्या प्रकारची आहे? प्रमाणपत्रावर कोणाकोणाची सही असेल? परदेशी प्राध्यापक शिकवणार आणि पेपर तपासणार का, आणि परदेशातल्या सत्राचा राहण्या-जेवणाचा खर्च कुणाचा? मधेच सोडावे लागले किंवा करार मोडला, तर मिळवलेले श्रेयांक कुठे चालतील? सोडून जाण्याच्या वाटेची तरतूद नियमांतच आहे, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. चारांपैकी एकाचेही उत्तर तोंडी मिळाले, तर माहितीपत्रक परत करावे.

एवढे सांगूनही काही आई-बाप उठत नाहीत, थोडे घुटमळतात. मग खरे कारण बाहेर येते. मुलीला परदेशी शिकायचे आहे, तिच्यात कुवत आहे, पण तिने रात्री जेवायला घरी असावे असे त्यांना वाटते. मोनाश, यॉर्क ही नावे त्या इच्छेपुढे फार लहान असतात. उपनगरांत या अभ्यासक्रमांना गिऱ्हाईक मिळते, ते पुष्कळ अंशी या मायेपोटी. या मायेला हसू नये. मुलीला जग दाखवायचे आणि तिला दूरही लोटायचे नाही, ही गोष्ट चांगल्या संयुक्त अभ्यासक्रमात खरोखर साधता येते. मात्र मायेच्या भरात माणूस कागद नीट वाचत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून तीसेक वर्षे पाहिले आहे आणि ते ओळखून असणारे विक्रेतेही पाहिले आहेत. म्हणून अशा आई-बापांना मी एवढेच सुचवतो की, तो कागद मुलीलाच मोठ्याने वाचायला लावा. पदवी तिची आहे, हप्तेही बहुधा तीच फेडणार आहे. पहिली परीक्षा तिने त्या संस्थेचीच घ्यावी.