डॉक्टर बंदुकीबद्दल का विचारतात?

अमेरिकेत मुलाला वार्षिक तपासणीला नेलं की बरेचदा आधी एक फॉर्म हातात देतात. गाडीत मुलाची वेगळी सीट आहे का, सायकल चालवताना तो हेल्मेट घालतो का, आवारात पोहण्याचा तलाव आहे का आणि त्यातच, घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात असते का? तिकडे नव्याने गेलेली मराठी जोडपी या शेवटच्या प्रश्नावर गोंधळतात. ‘हा डॉक्टर की पोलीस?’

डॉक्टरांना हे विचारायला कायद्याने बंदी आहे, असं तिथे पुष्कळांना वाटतं. त्याचं मूळ फ्लोरिडात आहे. तिथे २०११ साली अशा प्रश्नांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. डॉक्टर कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये फेडरल अपील कोर्टाने त्यातली मुख्य कलमं भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. बंदूक आहे म्हणून रुग्णाशी भेदभाव करू नये, हे कलम मात्र कोर्टाने कायम ठेवलं, आणि ते योग्यच झालं. थोडक्यात, डॉक्टर विचारू शकतात आणि उत्तर द्यायचं की नाही ते रुग्ण ठरवतो.

उत्तर सरकारी यादीत जातं, हाही गैरसमजच. बंदूकमालकांची अशी देशव्यापी यादी करायला १९८६ च्या फेडरल कायद्यानेच मनाई आहे. कायदेशीर बंदूक घरात आहे म्हणून आरोग्यविम्याचा हप्ता वाढवायलाही २०१० च्या आरोग्य कायद्याने बंदी आहे. तुमच्या केसपेपरला इतर वैद्यकीय माहितीइतकंच गोपनीयतेचं संरक्षण असतं. कुणाच्या जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका दिसला, तर त्याला अपवाद करता येतो.

सगळ्यात घातक समज वेगळाच आहे: ‘ज्याला जीव द्यायचाय, तो काहीही करून देणारच.’ २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसं गेली. त्यातल्या २६,३०० च्या आसपास आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. आत्महत्येचा आवेग बहुतेकदा फार काळ टिकत नाही, कधी तर काही मिनिटांतच तो ओसरतो. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण हाताशी बंदूक असेल तर दहातल्या साधारण नऊ जणांना ती दुसरी संधी मिळतच नाही. म्हणून नैराश्याच्या रुग्णाला डॉक्टर हा प्रश्न विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. ‘बंदूक विकून टाका’ असं ते सांगत नाहीत. बरं वाटेपर्यंत, कायद्यात बसत असेल तर, ती भावाकडे ठेवा, नाहीतर सांभाळायला घेणाऱ्या दुकानात ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. कोलोरॅडोत तर अशा जागांचा नकाशाच केलेला आहे. मन फार अस्वस्थ असेल तर अमेरिकेत कुठूनही ९८८ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

राहता राहिला आपल्या लोकांचा समज: ‘आमच्याकडे बंदूक नाही, विषय संपला.’ पण मूल मित्राच्या घरी खेळायला जातं ना? एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण २०२० पासून तिथे बंदूक आहे. खून, आत्महत्या, अपघात सगळं त्यात आलं. उशाच्या ड्रॉवरमधली बंदूक लहान मुलाला ठाऊक नसते, हा तिथल्या कितीतरी पालकांचा भ्रम. बालरोगतज्ज्ञांचं सांगणं साधं आहे: बंदूक रिकामी करून कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. मित्राच्या आईला ‘आमच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत’ हे आपण फोनवर सांगतोच, त्याच फोनमध्ये विचारून घ्यावं, ‘तुमच्याकडे बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?’