एफ/६४ : रेखीवपणाचा आग्रह

‘फोटो छान आलाय, फक्त जरा हललाय.’ घरातल्या समारंभाचे फोटो पाहताना हे वाक्य हमखास कानावर पडतं. एकेकाळी मात्र फोटो मुद्दाम धूसर काढण्यालाच कला मानलं जात असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-युरोपातल्या अनेक छायाचित्रकारांना वाटे, की कॅमेरा पडला यंत्र. त्याच्या कामाला कलेचा मान हवा, तर फोटो रंगवलेल्या चित्रासारखा दिसला पाहिजे. म्हणून ते मऊ प्रतिमा देणारी भिंगं वापरत, खरखरीत कागदावर छापत आणि वरून ब्रशही फिरवत.

या समजुतीला एका प्रदर्शनाने आव्हान दिलं. १५ नोव्हेंबर १९३२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात अकरा छायाचित्रकारांची ८० छायाचित्रं मांडली गेली. अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम ही त्यातली पुढे गाजलेली नावं. गटाचं नाव होतं ‘एफ/६४’. मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगातलं अगदी बारीक छिद्र म्हणजे एफ/६४. छिद्र जितकं बारीक, तितकं जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं एकदम स्पष्ट उमटतं. कॅमेऱ्याने कॅमेऱ्यासारखंच पाहावं, दुसऱ्या कलेची नक्कल करू नये, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह केवळ कलादालनापुरता राहिला नाही. अॅडम्स यांच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या छायाचित्रांचं प्रदर्शन १९३१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत झालं होतं. १९३६ मध्ये न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या कलादालनातही त्यांचं प्रदर्शन झालं. त्याच वर्षी सिएरा क्लब या संस्थेच्या वतीने ते आपली छायाचित्रं घेऊन वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींना भेटले. किंग्ज कॅन्यनचा परिसर राखला जावा, ही मागणी होती. १९४० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यामागे अनेकांचे प्रयत्न होते. पण ज्यांनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता, त्यांच्यापुढे त्यातला कडा न् कडा ठेवण्याचं काम या छायाचित्रांनी केलं. धूसर चित्राची साक्ष तिथे चालली नसती.

आता आपल्या फोटोंकडे वळू. फोटो अस्पष्ट येण्याची मुख्य कारणं तीन, आणि फोटो मोठा करून पाहिला की त्यातलं कुठलं हे कळतं. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं, तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि माणूस पुसट असेल, तर माणूस हलला. नवरीऐवजी मागच्या करवल्या ठसठशीत दिसत असतील, तर फोकस चुकला.

हात हलत असेल, तर कोपरं अंगाशी घ्या, खांबाला टेका. कॅमेऱ्यासाठी एक जुना नियम उपयोगी आहे. भिंग २०० मिलिमीटरचं असेल, तर शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावं. उजेड कमी असेल तर तिवई हवीच. अॅडम्स यांचं ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे १९४१ चं प्रसिद्ध छायाचित्र तिवईवरून, शटर पूर्ण एक सेकंद उघडं ठेवून काढलेलं आहे. तिवईवरही बटण दाबताना धक्का बसतो. म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

पळणाऱ्या मुलाला तिवईचा उपयोग नाही. तिथे १/५०० सेकंदाच्या आसपासचं शटर आणि भरपूर उजेड लागतो. चेहऱ्याचा फोटो असेल तर फोकस डोळ्यांवर ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवलं की काम होतं. आणि त्याआधी भिंग स्वच्छ, मऊ कापडाने पुसा. खिशातल्या मोबाइलवर बोटांचा तेलकटपणा असतोच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. एफ/६४चं नाव ऐकून छिद्र शक्य तितकं लहान करू नका. ३०० मिलिमीटरच्या भिंगात एफ/६४चं छिद्र सुमारे पावणेपाच मिलिमीटरचं असतं. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ/२२लाच ते सव्वादोन मिलिमीटरवर येतं. छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतोच, आणि लहान कॅमेऱ्यातली प्रतिमा पुढे बरीच मोठी करावी लागत असल्याने तो पसरटपणाही वाढतो. त्या काळच्या आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवरून त्याच आकाराचं चित्र छापता येई, म्हणून हा दोष दिसत नसे. आपल्या कॅमेऱ्यात एफ/८च्या आसपास बहुतेक भिंगं उत्तम काम करतात.

आज संगणकावर फोटोला धार लावता येते. पण कडा गडद झाल्या, तरी न टिपलेली पापणी त्यातून खात्रीने परत मिळत नाही. यंत्र ती फार तर अंदाजाने रंगवतं. आजीचा फोटो काढताना म्हणून घाई करू नका. तिला खिडकीजवळ बसवा, श्वास रोखा, आणि एकाऐवजी चार फोटो काढा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)