वैद्यकीय प्रवेश : चिठ्ठी कुणाची चालते?

नीटचा निकाल लागला की शनिशिंगणापूर, सोनई, घोडेगाव या नेवासा तालुक्याच्या पट्ट्यात घरोघरी तीच चर्चा सुरू होते. गुण बरे पडलेत, आता कुणाला भेटायचं? कुणी शनिमहाराजांच्या चौथऱ्यावर तेल वाहून येतं, कुणी पुढाऱ्याच्या लेटरहेडवर दोन ओळी मिळाव्यात म्हणून खेटे घालतं. तेल वाहण्यामागे श्रद्धा आहे आणि ती ज्याची त्याने जपावी. लेटरहेडमागे मात्र निव्वळ गैरसमज आहे. त्यात गेलेले आठ-दहा दिवस पुढे फार महाग पडतात, कारण खरी धावपळ करायची असते ती नेमकी त्याच दिवसांत.

गैरसमज : मोठ्या माणसाचं शिफारसपत्र जोडलं की एमबीबीएसच्या अर्जाला वजन येतं.

वस्तुस्थिती : ते जोडायला अर्जात जागाच नाही. नीट 180 प्रश्नांची, 720 गुणांची. त्या गुणांवर देशपातळीवरचा क्रमांक ठरतो. राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. उरलेल्या 85 टक्के जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. विद्यार्थी कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो आणि क्रमांक, प्रवर्ग, पसंती यांवरून संगणक जागा वाटतो. मुलाखत होत नाही, त्यामुळे कुणी शब्द टाकायचा म्हटलं तरी तो टाकायला समोर माणूसच नसतो. चिठ्ठी देणारा भला असेल, देण्यामागची भावनाही खरी असेल. पण यादीतला क्रमांक तिने एकानेही पुढे सरकत नाही.

गैरसमज : सरकारी कॉलेजचं ठीक आहे, पण खासगीत ओळखीवर जागा मिळते.

वस्तुस्थिती : या समजुतीला इतिहास आहे. 1983 च्या सुमारास वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि त्यानंतर बराच काळ संस्थाचालकांच्या हातात जागा होत्या. कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा राज्याने 1987 साली केला, तरी वाडवडिलांच्या आठवणीत तो काळ पक्का बसला आहे. आताची व्यवस्था वेगळी आहे. मॅनेजमेंट कोटा म्हणून ओळखला जाणारा संस्थात्मक कोटा असो की अनिवासी भारतीयांचा, नीट पात्रतेशिवाय एमबीबीएसला प्रवेश नाही आणि जागा गुणवत्तेच्या क्रमानेच भरायच्या असतात. या कोट्यांत फी जास्त असते, म्हणून तिथे मागच्या क्रमांकावरही जागा लागते. लोक त्याला ओळखीची करामत समजतात, पण कारण फीचं असतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. विळद घाटातलं डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशासाठी सीईटी सेलकडे नोंदणी करावी लागते. लोणीचं प्रवरा हे अभिमत विद्यापीठ, म्हणून तिथल्या जागांसाठी एमसीसीकडे. दोन्ही कॉलेजं जिल्ह्यातलीच, पण नोंदणी वेगवेगळी, वेळापत्रक वेगळं आणि भरायची रक्कमही वेगळी. ज्याला दोन्हीकडे प्रयत्न करायचा आहे त्याला दोन्हीकडे अर्ज भरावा लागतो. ‘लोणीत आपली ओळख आहे’ म्हणून एमसीसीची नोंदणी न करणारा मुलगा त्या यादीत येतच नाही.

एखादा एजंट ‘जागा बांधून देतो’ म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. यादी डावलून दिलेला प्रवेश नियमबाह्य ठरतो आणि तसा प्रवेश रद्द झाला की रस्त्यावर येतो तो विद्यार्थी. लॉगिन, पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपीही परक्याच्या हाती देऊ नका. पसंतीक्रम बदलायला तेवढं पुरतं.

गैरसमज : गावात सगळे ओळखतात, सरपंचांच्या दाखल्यावर भागेल, बाकी कागद नंतर देता येतात.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि त्याबरोबर ‘वय, अधिवास व राष्ट्रीयत्व’ प्रमाणपत्र लागतं. ते महसूल विभागाचं असतं; सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करून ते मिळवायचं. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही.

राखीव प्रवर्गातल्या मुलांना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही हवं. त्याचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे करायचा असतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधायला वेळ लागतो, म्हणून निकालानंतर सुरुवात केली तर उशीर ठरलेलाच. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हातात आलं की आधी त्यावरची मुदत वाचा. तिथे 31 मार्च अशी तारीख आणि वर्ष असतं. वर्ष सरलेलं असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही कागद बाद. मग ते मूल खुल्या प्रवर्गात धरलं जातं आणि हक्काची जागा हातची जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि नीटच्या अर्जात नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हेही आताच पाहून ठेवा.

गैरसमज : परदेशी एमबीबीएसला नीट लागत नाही, तिथल्या विद्यापीठाचं पत्र आलं की झालं.

वस्तुस्थिती : परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीटमध्ये पात्र ठरावंच लागतं. 2021 च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला हवा आणि 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हायला हवी. ‘प्रवेश निश्चित’ असं पत्र एजंट झटपट आणून देतो. फी भरण्यापूर्वी या अटींची खातरजमा करायची ती पालकांनीच.

गैरसमज : अमेरिकेत शिफारसपत्र चालतं, म्हणजे तिथे तरी नामांकित डॉक्टरचं पत्र हवं.

वस्तुस्थिती : तिथे पत्राला खरोखर महत्त्व आहे, म्हणूनच ते कुणाचं घ्यायचं याचा नीट विचार हवा. इथून एमबीबीएस होऊन तिकडे रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, जाणाऱ्यांना बहुतेक विषयांत एरास या प्रणालीतून अर्ज करावा लागतो आणि एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात. या चार जागा जपून वापरायच्या. ज्याने तुम्हाला रुग्णासमोर काम करताना पाहिलं, चूक दाखवली आणि ती सुधारलेलीही पाहिली, त्याचं पत्र घ्या. त्या विषयातल्या, तिथल्याच रुग्णालयातल्या डॉक्टरचं असेल तर जास्त चांगलं. अधिष्ठाता एकदाच भेटले असतील तर त्यांच्या पत्रात ‘हुशार, नम्र, कष्टाळू’ यापलीकडे काय येणार? याउलट युनिटमधल्या सहयोगी प्राध्यापकाने लिहिलं की ‘रात्रपाळीत दाखल झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना हा रोज स्वतः थांबून उपचार समजावून सांगायचा’, तर वाचणाऱ्याला समोर माणूस दिसतो.

न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलामुलींना तिथल्या मेडिकल स्कूलसाठी हीच कसोटी लागते. बहुतेक ठिकाणी विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांची पत्रं मागतात. घरोबा असलेल्या डॉक्टर काकांनी कितीही मनापासून लिहिलं तरी ते जवळच्या माणसाचं कौतुक ठरतं. ब्रिटनमध्ये यूकॅस या प्रवेश प्रणालीच्या अर्जाला संदर्भपत्र लागतं. ते साधारणपणे शाळाच देते आणि नातेवाइकांचं चालत नाही.

गैरसमज : पत्र आपणच लिहायचं, सरांनी फक्त सही करायची.

वस्तुस्थिती : आपल्याकडे ‘तूच लिहून आण’ असं सर्रास सांगितलं जातं. पण एरासमध्ये लिहिणाराच पत्र थेट अपलोड करतो आणि ते वाचण्याचा हक्क सोडल्याची नोंद विद्यार्थी आधी करू शकतो. असं गोपनीय पत्र जास्त विश्वासाचं मानलं जातं. तीन पत्रांत एकच वाक्यरचना आणि त्याच चुका दिसल्या की तिन्हींवरचा विश्वास उडतो. सरांना वेळ नसेल तर आपला बायोडेटा, त्यांच्या हाताखाली पाहिलेल्या रुग्णांची टिपणं आणि अंतिम तारीख असा एक कागद द्या. लिहू द्या त्यांनाच. आणि विचारताना सरळ विचारा, ‘सर, माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल का?’ त्यांनी आढेवेढे घेतले तर आभार मानून दुसऱ्यांकडे जा.

इथे आणि तिथे, दोन्हीकडे मोठ्या नावाची चिठ्ठी निरुपयोगीच. इथे गुण आणि कागद बोलतात, तिथे जवळून पाहिलेल्याची साक्ष बोलते. लोकप्रतिनिधींच्या शब्दाला मात्र एका कामात खरंच किंमत आहे, आणि आपण त्यांच्याकडे तेच मागितलं पाहिजे. सोनईत किंवा नेवाशात दहावीचा निकाल लागताच अधिवास, नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधतेच्या अर्जांसाठी शिबिर लावून घ्या. एका पोराच्या चिठ्ठीने कुणालाच जागा मिळत नाही. असं एक शिबिर पार पडलं तर तालुक्यातल्या साऱ्या पोरांचे कागद वेळेत हातात येतील.