अंगणवाडीच्या ताईचे शिक्षण

लहान मुले सांभाळायला शिकायचे ते काय? घरोघरी आया पोरे वाढवतातच की! असे पुष्कळांना वाटते. पण घरची दोन मुले वेगळी, आणि एका खोलीत बसलेली गावातली पंचवीस मुले वेगळी.

ताराबाई मोडक यांनी हे ओळखले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. विकतची खेळणी कुठली? चिंचोके, खडे, पाने घेऊन मुले मोजायला शिकली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. ताईचे काम वाढले. ती मुलाचे वजन करते, दंडाला पट्टी लावते. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल फार अशक्त; त्याला लगेच दवाखाना दाखवायचा. पट्टी सैल धरली, तर तेच मूल धडधाकट ठरते! म्हणून पट्टी धरायलाही शिकावे लागते.

साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला आणखी एक अडचण. मूल घरी अहिराणी बोलते, नाहीतर कोकणी आदिवासींची बोली. ते म्हणते, "माले भूक लागनी." ताई "नीट बोल" म्हणाली, की ते गप्प झालेच. तिने आधी त्याच्याच बोलीत उत्तर द्यावे, मग हळूच मराठी शब्द जोडावा. आमच्या मते प्रशिक्षणात हा धडा आधी हवा. ताईला ती बोली येत नसेल, तर गावातल्या एखाद्या आजीला रोज तासभर अंगणवाडीत बोलवावे.