आधी ‘वैध’ म्हणजे काय ते लिहा
जावा शिकताना एक प्रोग्राम सुरुवातीलाच वाट्याला येतो: मेनूतून १ किंवा २ निवडायला सांगायचं आणि भलतंच काही टाकलं तर पुन्हा विचारायचं. मनात वाक्य असतं, ‘निवड १ किंवा २ नसेल तर पुन्हा विचार’. तेच व्हाइल लूपच्या कंसात उतरतं: निवड != १ || निवड != २. मग १ टाका नाहीतर २, प्रोग्राम विचारतच राहतो. १ टाकला तर उजवी बाजू खरी, २ टाकला तर डावी. आणि ‘किंवा’ला एकच बाजू खरी पुरते. म्हणजे ही अट कधी खोटी होतच नाही. बोलताना समोरचा माणूस ‘नसेल’ हा नकार दोन्ही पर्यायांना मिळून लावतो, कंपायलर मात्र लिहिलं तेवढंच वाचतो. वर इशाराही देत नाही. व्हाइलच्या कंसात नुसतं ट्रू लिहिलं आणि लूपमध्ये ब्रेक नसला, तर खालच्या ओळीपर्यंत पोचताच येणार नाही अशी एरर तो देतो. पण अटीत व्हेरिएबल आलं की तो हा हिशेब करत नाही.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे || काढून && घालणं. इथे तो लागूही पडतो, आणि म्हणूनच मला तो घातक वाटतो. ‘तपासणीत && वापरायचं’ एवढंच डोक्यात राहिलं की वयाची तपासणी अशी लिहिली जाते: वय < १ && वय > १२०. एकाच वेळी १ पेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठी संख्या नसतेच. ही अट कधीच खरी होत नाही, त्यामुळे उणे ५ही चालतं आणि ५००ही. आधीची चूक पहिल्याच वेळी समोर येते. ही येत नाही. २५ टाकून पाहिलं, चाललं, पुढे गेलो. नावाच्या तपासणीत तर || हवाच: नाव नल आहे || नाव रिकामं आहे. डावी बाजू खरी ठरली की जावा उजवीकडे पाहतच नाही. तिथे && घातलं तर नल असताना उजवी बाजू तपासली जाते आणि नल पॉइंटर एक्सेप्शन येतं.

म्हणून ऑपरेटर बदलून पाहण्याआधी वैध काय ते लिहावं: निवड == १ || निवड == २. मग सगळ्याला कंस घालून बाहेर ! लावावं. १८०६ साली मदुराईत जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाचा नियम सांगतो की हा नकार कंसात शिरला की == चं != होतं आणि ‘किंवा’चं ‘आणि’. वयाचंही तसंच: वय >= १ && वय <= १२० याचा नकार वय < १ || वय > १२०. कंसाबाहेरचा ! नजरेतून सुटतो, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर तोडगा म्हणजे वैध अट एका बूलियन व्हेरिएबलमध्ये ठेवणं. जावात त्याचं नाव देवनागरीत ‘वैध’ ठेवलं तरी चालतं. काही एडिटर ‘ही अट नेहमीच खरी आहे’ असं दाखवतात, मग एवढा खटाटोप कशाला, असंही कुणी म्हणेल. पण लिहिणाऱ्याला कोणती अट हवी होती, हे एडिटरला ठाऊक नसतं. शिवाय वय >= १ ऐवजी वय > १ लिहिलं तर त्याला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. ती चूक ०, १, १२० आणि १२१ हे चार आकडे टाकून पाहिल्यावरच सापडते.