शनिवार तेल्यांचे अलिबागचे सिनेगॉग

भिवंडीहून पनवेल, पेण, वडखळ करीत एस.टी. अलिबागला पोचली की माणसे सरळ समुद्राकडे धावतात. ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन येतात, भेळ खातात आणि परततात. गावातल्या इस्रायल आळीत मात्र फारसे कोणी वळत नाही. तेथे ज्यू लोकांचे एक प्रार्थनामंदिर आहे. ‘मागेन अबोथ’ हे त्याचे नाव. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ पूर्वजांची ढाल. १८४८ साली ते बांधले गेले आणि १९१० साली त्याची पुन्हा बांधणी झाली.

हे ज्यू कोण? तर आपल्यासारखेच मराठी बोलणारे, कोकणात शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी एक गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातले सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ज्यांची प्रेते किनाऱ्याला लागली त्यांना नवगावातच पुरले. ते दफनस्थान आजही तेथे आहे. अलिबाग हे नावसुद्धा अली नावाच्या एका श्रीमंत बेने इस्रायलच्या आंब्या-नारळाच्या बागांवरून, अलीच्या बागेवरून पडले असे सांगतात.

वाचलेल्यांजवळ पोथ्या नव्हत्या, गुरू नव्हता. गावोगाव पांगून त्यांनी तेलाचा घाणा धरला. पुष्कळजण शेतीही करीत. आडनावे गावांवरून आली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. धर्माचे बरेचसे विसरले, पण काही गोष्टी सोडल्या नाहीत. मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणे, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवारी काम न करणे. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गाव कसे नाव ठेवते पाहा! देव कोणता हे विचारले नाही, सुट्टीचा वार तेवढा लक्षात ठेवला.

आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांच्या धर्मग्रंथात शनिवारच्या विश्रांतीची आज्ञा आहे ती केवळ मालकाला नाही. घरच्या नोकराला आहे आणि बैलालाही आहे. घाण्याचा बैल म्हणजे डोळ्यांना झापड लावून दिवसभर एकाच रिंगणात फिरणारा जीव. आपण पोळ्याला किंवा बेंदराला वर्षातून एकदा बैलाच्या खांद्यावरचे जू उतरवतो, त्याला पुरणपोळी देतो. येथे त्याला आठवड्याला एक दिवस हक्काचा होता.

आता इमारतीकडे येऊ. सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते, चित्रही नसते. दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची लहानशी डबी ठोकलेली असते. आत जाताना तिला बोटे लावून ती ओठांना लावतात. डोके झाकूनच आत जायचे. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला, म्हणून कोकणात प्रार्थना पश्चिमेकडे तोंड करून होते. त्या भिंतीत पवित्र कपाट असते. पडद्यामागे, कातड्यावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या त्यात ठेवतात. समोर दिवा अखंड तेवतो. दालनाच्या मध्यभागी लाकडी कठड्याचा उंच चौथरा असतो, तेथे उभे राहून तोरा वाचतात. बायकांची जागा रीतीप्रमाणे वेगळी, बहुधा वरच्या सज्जात.

याच पद्धतीचे जुने सिनेगॉग मुंबईत मांडवीला आहे, १७९६ सालचे. ते सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकिएल यांनी बांधले. कंपनीच्या फौजेतले हे अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. तेव्हाचे बेने इस्रायल सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत. रेल्वेच्या मशीद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. भिवंडीकरांना सर्वांत जवळचे म्हणजे ठाण्याचे, सिव्हिल हॉस्पिटलसमोरचे, १८७९ सालचे.

अलिबागकडे गेलात तर खंडाळ्याचा खडकही पाहा. एलियाहू हन्नाबी हा संदेष्टा तेथे उतरला आणि रथातून वर गेला, अशी श्रद्धा आहे. खडकावरच्या खुणांना त्याच्या घोड्याचे टापा म्हणतात. त्याच्या नावाने ‘मलिदा’ करतात: भिजवलेले पोहे, गूळ, ओला नारळ, वर फळे. ताट पाहिले तर आपल्याच ओटीवरचा प्रसाद वाटावा.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि ही मंडळी तिकडे जाऊ लागली. तेथे लग्नसंबंधांवरून त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेतली गेली. त्यासाठी त्यांना भांडावे लागले आणि १९६४ साली तेथील संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानले. येथल्या गावाने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण तोवर गावे रिकामी झाली होती. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कोकणातल्या काही सिनेगॉगांत तेवढे जमवणेही अवघड झाले आहे. घाणे तर त्याआधीच गिरण्यांच्या तेलापुढे थांबले.

पाहायला जाल तेव्हा शनिवार टाळा, तो प्रार्थनेचा दिवस. इतर दिवशी तेथल्या राखणदाराला विचारून, टोपी घालून आत जावे.